आवाजासाठी एक माणूस नेमा
लगीनसराईच्या तोंडावर तातडीचं आवाहन

कार्य काढलेली घरं, कार्यालयवाले, साउंडवाले आणि पाहुणेमंडळी, सगळ्यांना,

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात. हॉल ठरलेत, केटररला विसार गेलाय, पत्रिका छापखान्यात आहेत. या धावपळीत एक गोष्ट बहुतेक घरांत राहूनच जाते. रिसेप्शनला आवाज किती ठेवायचा आणि 'आता कमी कर' म्हणायचा अधिकार कुणाचा, हे कुणी ठरवत नाही. ठरवायला अजून वेळ आहे, पण फार नाही. म्हणून हे आवाहन, आणि त्यातली मागणी एकच: तुमच्या कार्यात आवाजासाठी एक माणूस नेमा आणि त्याचं नाव आधीच लिहून द्या.

मी मंगल कार्यालयाचं बुकिंग बघतो. कार्य आटोपल्यावर यजमान अनामत परत घ्यायला येतात. जेवणाबद्दल दोन वाक्यं होतात, पार्किंगबद्दल एखादं, आणि मग आवाजाचा विषय निघतो तो लांबतच जातो. 'व्याह्यांशी चार शब्द बोलता आले नाहीत.' 'आमची आत्या जेवण अर्ध्यावर टाकून उठली.' 'भाची तान्ह्याला घेऊन सगळा वेळ पार्किंगमध्ये उभी होती.' मी विचारतो, 'मग तेव्हाच का नाही सांगितलंत?' उत्तर ठरलेलं असतं: 'सांगितलं की! साउंडवाल्याला तीनदा सांगितलं.' साउंडवाल्याला विचारावं तर तो म्हणतो, 'कमी करायला एकानं सांगितलं साहेब, वाढवायला चौघांनी.' दोघंही खरंच बोलत असतात. आणि आता तक्रार करून उपयोग नसतो. मंडप उतरलेला असतो आणि आत्या रुसलेली असते.

मिक्सरपाशी काय चालतं

एखाद्या रिसेप्शनला साडेसातच्या सुमाराला मिक्सरच्या टेबलाशी दहा मिनिटं उभे राहून बघा. मागे बसलेला मुलगा विशी-बाविशीतला असतो. नवरा-नवरी स्टेजवर आलेली, खाली भेटणाऱ्यांची रांग, सनई हळू चालू. नवऱ्याचे मित्र येतात. 'काय भजनाला बसवलंय का? टाक काहीतरी. आणि बेस दे!' मुलगा मास्टर वर सरकवतो. पाच मिनिटांत मुलीचे मामा समोर येऊन तळहात खाली दाबल्याची खूण करतात, कारण बोललेलं ऐकू जाणार नाही हे त्यांनाही कळलेलं असतं. मास्टर जरा खाली येतो. मामांची पाठ वळताच शंभराची नोट मिक्सरखाली सरकते आणि मास्टर पुन्हा वर जातो. तेवढ्यात कुणी पुढारी येतात, निवेदक माइकवरून त्यांचं स्वागत करतो. गाणं चालूच असल्यानं शब्द दबतात, म्हणून माइक वाढवला जातो, माइक शिट्टी मारतो, आणि वाढवलेलं काही खाली येत नाही.

पैसे कुणाकडून मिळणार हे त्या मुलाला ठाऊक असतं. पण ते गृहस्थ, म्हणजे मुलीचे वडील, दारात पाहुण्यांचे नमस्कार घेण्यात गुंतलेले. मग मिक्सरपाशी जो उभा राहील तोच मालक.

आपल्याकडच्या लग्नात प्रत्येक कामाला माणूस असतो. आहेराच्या वहीला एक, कोठीच्या किल्लीला एक, रुखवतावर नजर ठेवायला एक, गुरुजींना आणायला-सोडायला एक. नवरदेवाच्या बुटांवर पहारा द्यायलासुद्धा दोन पोरं बसवतात. मात्र अख्ख्या समारंभावर ज्याचं सावट पडतं, त्या आवाजाला कुणीच वाली नाही. तक्रारी सगळ्यांच्या असतात. त्या ऐकून घ्यायला कुणी नेमलेलं नसतं, म्हणून त्या वाया जातात.

कान काय सांगतात

'लग्न आहे, एवढं चालायचंच' म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. कामगारांच्या कानांसाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. नाचाच्या जागी स्पीकरसमोर शंभरी गाठणं मोठ्या साउंडला अजिबात अवघड नाही, आणि रिसेप्शन तीन-तीन तास चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी जो मापदंड दिला, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, आणि कानांना विसावा मिळेल अशी शांत जागा ठेवायला सांगितलंय. हे मोठ्या हौसेनं संगीत ऐकायला आलेल्यांसाठी. आपल्या मांडवात तर ऐंशीचे आजोबा आणि दोन महिन्यांचं बाळही असतं.

आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. घरी गेल्यावर कानात 'कुईऽऽ' वाजत राहतं, ती त्याचीच सूचना असते. साउंडवाल्या मुलांना तर हे सगळा हंगामभर. शिवाय सतत मोठा आवाज ऐकून कान तात्पुरते बधिर होतात. म्हणून दोन तास मिक्सरवर बसलेल्याला 'आवाज कमीच आहे' असं अगदी मनापासून वाटतं. तो मुद्दाम करत नाही, त्याला खरोखर कमी ऐकू येत असतं. आवाज ठरवण्याचं काम एकट्या त्याच्यावर सोडू नये, ते यासाठीच.

आणखी एक चक्र फिरत असतं. गाणं मोठं झालं की माणसं मोठ्यानं बोलतात. माणसं मोठ्यानं बोलली की गाणं ऐकू येईनासं होतं. मग गाणं वाढतं. हे कुणीतरी ठरवून थांबवल्याशिवाय थांबत नाही.

मोजायला यंत्र हवंच असं नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर आवाज साधारण ८५ च्या आसपास किंवा वर गेलाय असं समजा. ही खूण कुणालाही वापरता येते. मोबाइलवरच्या ॲपचे आकडे प्रत्येक फोनवर थोडे मागेपुढे होतात, पण वाद मिटवायला तेवढे पुरतात.

कायदा काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज कुंपणापाशी त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये.

ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. इथे गफलत ठरलेली: यजमानांना वाटतं कार्यालयानं काढली असेल, कार्यालयाला वाटतं साउंडवाल्यानं, आणि साउंडवाल्याला वाटतं यजमानांनी. बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, कागद डोळ्यांनी बघा.

रात्री १० नंतरची सूट बंद सभागृहासाठी आहे, तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. लॉन्स म्हणजे बंद सभागृह नव्हे. वर छत आणि तिन्ही बाजूंना पडदे लावले म्हणूनही ते होत नाही. काही दिवस रात्री १२ पर्यंत सवलत मिळते, ती वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस आणि सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी. तुमच्या घरचं लग्न त्यात बसेल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली या नियमांची अंमलबजावणी व्हायलाच हवी असं बजावलंय. तेव्हा १० वाजता पोलीस दारात आले, तर त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. व्याह्यांसमोर शोभा होते ती वेगळीच.

यजमानांना विनंती

पहिलं काम माणूस नेमण्याचं. तो कसा असावा? वयानं चाळिशी-पन्नाशीचा, दोन्हीकडच्या मंडळींना ओळखणारा, आणि नवऱ्याच्या मित्रांना 'नाही' म्हणू शकणारा. नवरीचा भाऊ नको, त्याला शंभर कामं असतात. वडील तर नकोच. एखादे शांत मावसकाका किंवा ठाम बोलणाऱ्या मामी उत्तम. त्यांचं नाव साउंडच्या पावतीवर लिहा आणि मिक्सरच्या टेबलावर कागद चिकटवा: 'आवाजाबद्दल फक्त यांचं ऐकावं.' एवढ्यानं त्या विशीतल्या मुलाचाही जीव भांड्यात पडेल.

दुसरं, वेळेची वाटणी. आठपर्यंत भेटीगाठी, फोटो, जेवण. या वेळात आवाज इतका, की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता यावं. नाच हवा असेल तर त्याला एक तास द्या, तोही बाजूच्या भागात आणि साडेनऊच्या आत संपेल असा. नाचणाऱ्यांची हौस पुरी होते, आणि ज्यांना नको त्यांना कधी निघायचं ते कळतं.

तिसरं, स्पीकर कुठे आहेत ते स्वतः जाऊन बघा. आपण मानाची माणसं पुढच्या रांगेत बसवतो आणि स्पीकरही नेमके तिथेच उभे असतात. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त जपायचं, त्यांच्या कानाशीच सगळ्यात मोठा आवाज. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये फरशी, भिंती आणि पत्रे आवाज परत फेकतात, त्यामुळे तो इतका उतरत नाही, तरी फरक पडतोच. दोन अजस्र टॉपऐवजी चार लहान स्पीकर हॉलभर वाटून, स्टँडवर डोक्याच्या वर लावले, तर मागच्यांना ऐकू जातं आणि पुढच्यांचे कान बचावतात. बेसचे डबे कोपऱ्यात ठोसू देऊ नका, कोपऱ्यात बेस आणखी घुमतो. पोकळ स्टेजवर तर मुळीच नकोत, फळ्या थरथरतात आणि नवरा-नवरीच्या पायाला मुंग्या येतात.

चौथं, बसायला एक शांत जागा. जेवणाचा भाग स्पीकरच्या पाठीमागे आला तर फार चांगलं. नाहीच जमलं तर वधूपक्षाची खोली आजी-आजोबांसाठी आणि लेकुरवाळ्यांसाठी उघडी ठेवा, आणि तसं माइकवरून सांगा.

कार्यालयवाले आणि साउंडवाले बंधूंना

तक्रार घेऊन येणारा माणूस भांडायला आलेला नसतो. तो आधी बराच वेळ सहन करून, मग कुणाला सांगायचं हे शोधत शोधत आपल्यापर्यंत पोचलेला असतो. त्याला 'लग्नच आहे हो काका' म्हणून परत पाठवू नका. आधी आवाज खाली घ्या, मग बोला. हा क्रम पाळला तर निम्मी भांडणं तिथेच संपतात.

मग त्याच्याबरोबर त्याच्या खुर्चीपर्यंत चालत जा. मिक्सरपाशी ऐकू येतं ते वेगळं आणि सातव्या रांगेत ऐकू येतं ते वेगळं. नेमका त्रास काय, ते विचारा. छातीत ठोके बसत असतील तर बेस उतरवा, नुसता मास्टर हलवून भागत नाही. कानात टोचत असेल तर वरची पट्टी कमी करा आणि माइक स्पीकरसमोरून हटवा. शब्द कळत नसतील तर निवेदकाच्या माइकचा एको बंद करा. नावं घुमवून घेण्यात काय शोभा आहे, कोण जाणे! निवेदन चालू असताना गाणं पूर्ण बंद, हा नियम पाळलात तर माइक वाढवावाच लागणार नाही.

साउंड चेक रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की ती आवाज शोषतात, आणि मग 'दुपारी चांगलं वाजत होतं' म्हणून रात्री वाढवलं जातं. त्यासाठी पाहुणे आल्यावर पंधरा मिनिटांनी यजमानांच्या माणसाबरोबर हॉलभर एक चक्कर मारा, आवाज नक्की करा, आणि मास्टरच्या त्या खुणेवर पांढरी चिकटपट्टी लावा. पट्टीच्या वर जायचं तर त्या माणसानं स्वतः येऊन सांगावं. कुणी अंगावर आलं तर पट्टीकडे बोट दाखवा: 'मालकांनी लावलीय.' वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

कार्यालयानं बुकिंगच्या वहीत आवाजाचा एक रकाना वाढवावा: कुणाची तक्रार, किती वाजता, काय केलं. अनामत परत करताना वाद झाला तर ती नोंद उपयोगी पडते, आणि हंगाम संपल्यावर कुठल्या कोपऱ्यातून तक्रारी येतात तेही कळतं. कदाचित तिथे फक्त एक जाड पडदा लावायची गरज असेल.

धंद्याचंही बोलतो. 'आम्ही कमी आवाजाची अट घातली तर गिऱ्हाईक शेजारच्या लॉन्सवर जाईल' ही भीती सगळ्यांनाच आहे. म्हणून एकट्यानं नको, गावातल्या सगळ्या कार्यालयवाल्यांनी मिळून हंगामाआधी एकच अट छापून घ्या. शिवाय हॉल बुक करायला मुलीचे आईवडील येतात, नवऱ्याचे मित्र येत नाहीत, हेही विसरू नका.

साउंडवाल्या पोरांनो, तुमची कमाई कानांवर आहे. इअरप्लग वापरा. बेसच्या डब्याला टेकून डुलक्या काढू नका.

मित्रमंडळी आणि पाहुण्यांना

मित्र हो, हौस करा, नाचा. पण मिक्सरखाली नोट सरकवू नका. तुमच्या शंभर रुपयांनी तिथे तीनशे माणसांच्या वतीनं निर्णय होतो.

पाहुण्यांनी मनात कुढत निघून जाऊ नये. नेमलेला माणूस कोण ते विचारा आणि त्यालाच सांगा, मुलाच्या अंगावर ओरडू नका. लहानग्यांना स्पीकरसमोर नाचायला सोडू नका. तान्ह्या बाळाला घेऊन आत आलात तर स्पीकरपासून लांबची खुर्ची धरा. श्रवणयंत्र लावणारे आजोबा बरोबर असतील तर त्यांना लवकर स्टेजवर न्या आणि शांत भागात बसवा. गोंगाटात त्यांना काहीच धड कळत नाही आणि ते उगाच अपराधी चेहऱ्यानं हसत राहतात.

आजूबाजूला राहणाऱ्यांचं

कार्यालयाच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना तर तारखाही माहीत नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लगीनसराई आणि बोर्डाच्या परीक्षा एकत्र येतात. बेसचा ठोका भिंत ओलांडतो, खिडक्या लावून थांबत नाही. कार्यालयवाल्यांनी महिन्याच्या तारखांची यादी आणि व्यवस्थापकाचा मोबाइल नंबर शेजारच्या सोसायट्यांना आधीच द्यावा. शेजाऱ्यांनीही पहिला फोन तिथे करावा. आवाज उतरला नाही, किंवा १० नंतरही चालू राहिला, तर ११२ वर कळवावं. यात लग्न मोडण्यासारखं काही नाही. तो त्यांचा हक्क आहे.

आजच करा

आपण वाद्यं बंद करा म्हणत नाही. सनई-चौघडा, बँड, हलगी, गाणी, सगळं हवंच, लग्न आहे. पण जे घर शेकडो माणसांना 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं छापून बोलावतं, त्यानं त्यांना एकमेकांशी बोलता येईल एवढी सोय करायला हवी.

साउंडची पावती काढा आणि मागच्या बाजूला एवढं लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या:

१. आवाजाबद्दल फक्त अमुक यांचं ऐकावं. (नाव आणि मोबाइल नंबर)
२. जेवण आणि भेटीगाठींच्या वेळी शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येईल एवढाच आवाज. नाच इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत.
३. ठरलेल्या आवाजावर मास्टरला चिकटपट्टी. अमुक यांच्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून, बक्षिसीवरून वाढवायचं नाही.
४. तक्रार आली की आधी आवाज खाली, मग चौकशी.
५. ध्वनिक्षेपकाची परवानगी कोण काढणार, ते नाव. रात्री १० ला साउंड बंद.

साउंडवाला सही करायला कां-कूं करत असेल तर दुसरा बघा, अजून मिळेल. पत्रिका वाटायला निघण्याआधी एवढं उरका, आणि ज्यांच्या घरी कार्य आहे अशा ओळखीच्या प्रत्येक घराला हे पाच मुद्दे पाठवा.

आपला,
एक मंगल कार्यालय व्यवस्थापक